जिल्हा परिषद शाळांसाठी प्रकल्पाधारित अध्ययनाचे समन्यायी नियोजन: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

प्रकल्पाधारित अध्ययन जिल्हाभर राबवायचे ठरले की कामाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. वरून एक विषय येतो, त्याचे परिपत्रक निघते, शिक्षकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण होते, शाळांकडून छायाचित्रे मागवली जातात आणि शेवटी तालुक्याच्या ठिकाणी प्रदर्शन भरते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मूल, घरी कोरकू बोलणारी तिसरीतील मुलगी किंवा दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालवणारी वाडीवरची शाळा यांचा विचार, झालाच तर, अहवाल लिहिताना होतो. तोपर्यंत विषय, तारखा, साहित्य आणि गुणदान हे सारे ठरून गेलेले असते. मग अहवालात 'सर्वसमावेशक' हा शब्द घालण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

पुढील मार्गदर्शन शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्याते यांच्यासाठी आहे. इयत्ता तिसरी ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. टप्प्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण एखादा टप्पा गाळल्याने जेवढे बिघडते त्याहून अधिक तो उशिरा घेतल्याने बिघडते.

आधी हे ठरवावे: प्रकल्प कशाला म्हणायचे

दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेली वही हा प्रकल्प नव्हे, आणि पालकांनी रात्री जागून तयार केलेला थर्माकोलचा देखावाही नव्हे. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे प्रदर्शनाच्या दिवशी कोणाला आठवत नाही.) जिल्ह्यापुरती एक साधी व्याख्या लेखी ठरवून घ्यावी. ज्याचे उत्तर मुलांना आधी ठाऊक नाही असा प्रश्न असावा, त्यासाठीची माहिती मुलांनी स्वतः पाहून, मोजून किंवा विचारून जमवलेली असावी, आणि निघालेला निष्कर्ष शाळेबाहेरच्या कोणाला तरी सांगण्यासारखा असावा. यांतील एखादी गोष्ट नसेल तर तो उपक्रम झाला. उपक्रम जरूर घ्यावेत, मात्र त्यांची नोंद प्रकल्प म्हणून करू नये.

टप्पा 1: केंद्रनिहाय एक पानी चित्र तयार करा

हे काम एप्रिल-मेमध्ये, म्हणजे विषयाची चर्चा सुरू होण्यापूर्वी उरकावे. प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, एकच पान असावे आणि त्यावर शाळानिहाय पुढील माहिती यावी: पट, शिक्षकसंख्या व एका शिक्षकाकडे असलेले वर्ग, कोणत्या महिन्यांत किती मुले स्थलांतर करतात, मुलांच्या घरची भाषा, दिव्यांग मुले व त्यांच्या गरजा, पावसाळ्यात शाळेपर्यंत पोहोचता येते की नाही. पट, शिक्षक आणि दिव्यांग मुलांची माहिती युडायस या शाळांच्या माहितीच्या संगणकीय प्रणालीत आधीच भरलेली असते. स्थलांतराचे महिने गेल्या दोन वर्षांच्या हजेरीपटावरून आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांना पुढील शाळेसाठी दिलेल्या शिक्षण हमी पत्रकांवरून काढता येतात. शिक्षकांकडून पुन्हा तीच माहिती नव्या तक्त्यात मागवू नये. नव्या योजनेची ओळख नव्या तक्त्याने झाली की शिक्षक तिच्याकडे तक्ता म्हणूनच पाहतात.

जिल्ह्याची सरासरी येथे उपयोगाची नाही. पालघर जिल्ह्यात वसई आणि मोखाडा एकाच सरासरीत बसवले, तर निघणारा आकडा दोन्हीकडच्या कोणत्याच शाळेला लागू पडत नाही.

पडताळणी: केंद्रप्रमुखांनी हे पान हातात घेऊन 'कोणत्या तीन शाळांत कोणती मुले प्रकल्पाबाहेर राहण्याचा धोका सर्वांत जास्त आहे' हे सांगावे. सांगता आले नाही, तर पान अपुरे आहे.

टप्पा 2: विषयाआधी तारखा ठरवा

समन्यायाचा निम्मा प्रश्न दिनदर्शिकेतच सुटतो किंवा अडकतो, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात.

उसाचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील तोडणी कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील अनेक कुटुंबे भातकापणी आटोपून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी येतात. प्रकल्प डिसेंबर-जानेवारीत ठेवला, तर ही मुले नियोजनातूनच वजा होतात. हंगामी वसतिगृहात गावी राहिलेली मुले वर्गात असतात खरी, परंतु त्यांचे आईवडील गावात नसतात. त्यामुळे 'घरी विचारून या' असे काम त्यांना देताच येत नाही.

या भागांसाठी जुलैचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा काळ योग्य ठरतो. पाचवी व आठवीला दुसऱ्या सत्राच्या शेवटी वार्षिक परीक्षा असल्याने प्रकल्प पहिल्याच सत्रात आटोपणे त्या वर्गांच्याही सोयीचे असते.

मात्र हाच काळ सगळीकडे लावू नये. भामरागड तालुक्यासारख्या भागात ऐन पावसाळ्यात पुरामुळे गावांचा संपर्क तुटतो, तर कोकणात आणि भंडारा-गोंदियात भातलावणीच्या दिवसांत हजेरी घटते. विदर्भात शाळा मुळातच उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. म्हणून जिल्ह्याने काळाचे दोन किंवा तीन पर्याय द्यावेत आणि निवड केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या मासिक बैठकीत, टप्पा 1 मधील पान समोर ठेवून करावी. शाळांनी त्यातला काळ का निवडला, हे एका ओळीत लिहून घ्यावे.

आठवड्याला एक जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका, धरली, तर सण-सुट्ट्या वगळूनही पहिल्या सत्रात आठ-नऊ जोडतासिका मिळतात. त्या परिसर अभ्यास, गणित, भाषा आणि कार्यानुभवाच्या तासिकांतून घ्याव्यात, कारण प्रकल्प याच विषयांचा अभ्यास आहे.

सावधान: प्रकल्पाचे कोणतेही काम शाळा सुटल्यानंतर किंवा रविवारी ठेवू नये. शाळेनंतर अनेक मुलींच्या डोक्यावर पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे असतात. ज्यांना मोकळा वेळ आहे त्यांचेच काम मग चांगले दिसते.

टप्पा 3: सुरुवात कोणत्या शाळांपासून करायची

प्रायोगिक टप्प्यासाठी तालुक्यातील नावाजलेल्या शाळा निवडण्याचा मोह टाळावा. तेथे उत्साही शिक्षक, सक्रिय पालक आणि लोकवर्गणीतून आलेले साहित्य असते. तेथे जे जमते ते द्विशिक्षकी शाळेत जमेलच असे नाही, आणि ते न जमल्याचा ठपका मात्र द्विशिक्षकी शाळेवर येतो. प्रायोगिक शाळांपैकी किमान निम्म्या द्विशिक्षकी, बहुवर्ग असलेल्या किंवा घरची भाषा वेगळी असलेल्या असाव्यात. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत आराखडा चालला, तर मोठ्या शाळेला तो वाढवून घेणे अवघड नसते.

पहिल्या वर्षी प्रत्येक तालुक्यातील एक-दोन केंद्रे पुरेत. सर्व शाळांना एकदम सामावून घेण्याचा आदेश दिला की कामाऐवजी अनुपालन अहवाल हाती येतात.

टप्पा 4: प्रश्न निवडणे

जिल्ह्याने विषय लादू नये, पण शिक्षकांना मोकळे सोडून देणेही न्याय्य नाही. अनुभवी शिक्षकाला मोकळीक आवडते. नव्या किंवा एकट्या शिक्षकाला ती ओझे वाटते. म्हणून पाच-सहा तयार प्रश्नांचा संच द्यावा आणि शाळेला त्यातला प्रश्न निवडण्याची, बदलण्याची किंवा स्वतःचा प्रश्न मांडण्याची मुभा ठेवावी. प्रत्येक प्रश्न तीन कसोट्यांवर पाहावा: तो शाळेच्या आवारात किंवा चालत जाता येईल इतक्या अंतरात सोडवता यावा, त्याला इंटरनेट किंवा पालकांचा फोन लागू नये, आणि तिसरीपासून सातवीपर्यंतच्या मुलांना आपापल्या पातळीवर काम मिळावे.

नमुन्यादाखल पावसाळी काळातला एक प्रश्न घेऊ: 'आपल्या शाळेच्या छपरावर पडणारे पाणी किती, आणि ते जाते कोठे?' तिसरी-चौथीची मुले रोज पाऊस मोजून नोंद करतात. पाचवीची मुले छपराची लांबी-रुंदी, म्हणजे छपराने झाकलेली जमीन, मोजून पाण्याचे प्रमाण काढतात. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, त्यामुळे 8 मीटर × 6 मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 48 × 25 = 1,200 लिटर पाणी पडते. सहावी-सातवीची मुले आठवड्याचे आलेख काढतात, पाणी वाहून जाण्याच्या वाटांचा नकाशा तयार करतात आणि ते साठवायचे झाल्यास टाकी कोठे बसेल याचा विचार करतात. ज्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही, तेही मापन, निरीक्षण आणि तोंडी सांगणे पूर्णपणे करू शकते.

अशा साध्या मापनातही ठरावीक चुका होतात, म्हणून संचात प्रत्येक प्रश्नासोबत त्या लिहून द्याव्यात:

1. पर्जन्यमापकासाठी सरळ भिंतीचे, सपाट तळाचे भांडे घ्यावे. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खाचांचा असतो. तीच वापरायची झाल्यास तळाशी खडे व पाणी घालून सरळ भाग सुरू होतो तेथे शून्याची खूण करावी आणि मोजून झाल्यावर पाणी पुन्हा त्या खुणेपर्यंत आणावे.
2. भांड्याच्या तोंडापेक्षा मोठे नरसाळे लावू नये. ते जास्त जागेवरचा पाऊस गोळा करते आणि आकडा फुगतो.
3. हवामान विभाग रोज सकाळी 8:30 वाजता पावसाची नोंद घेतो. शाळेला ती वेळ साधत नसेल, तर शाळा भरतानाची वेळ ठरवावी, परंतु ती रोज तीच असावी.
4. सोमवारी मोजलेले पाणी रविवार धरून दोन दिवसांचे असते. ते एकट्या सोमवारच्या रकान्यात लिहिले की आलेखात दर आठवड्याला एक खोटा उंचवटा दिसतो. मुलांनी तो स्वतः शोधून काढला, तर शिक्षकांनी त्यावर एक पूर्ण तासिका खर्च करायला हरकत नाही.

सावधान: घरोघरी जाऊन करायच्या पाहणीत उत्पन्न, कर्ज, व्यसन, शौचालय किंवा जात यांविषयीचे प्रश्न ठेवू नयेत. वर्गातील एखाद्याच मुलाच्या घराकडे सर्वांचे बोट जाईल असा प्रश्न, विषय कितीही महत्त्वाचा असला तरी, बाद करावा. तसेच वाहता ओढा, विहीर, तलाव येथील मापन मुलांकडून करून घेऊ नये.

टप्पा 5: साहित्य आणि खर्च

नियम एकच आणि लेखी असावा: कोणत्याही मुलाला प्रकल्पासाठी घरून विकतची वस्तू आणावी लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात आड येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर पडू नये असे म्हटलेले आहे. कार्डशीट आणि रंगीत मुद्रणाचा खर्च त्याच भावनेने पाहावा. मोजपट्टी, दोरी, तराजू, रिकामी भांडी, कोरे कागद आणि खडू एवढ्यात बहुतेक प्रश्न सुटतात. संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळत असल्याने लहान शाळेच्या हातात कमी रक्कम येते आणि तीही सत्राच्या सुरुवातीला हाती असेलच असे नाही. म्हणून महागडी साधने शाळेऐवजी केंद्रशाळेत ठेवून फिरती द्यावीत, आणि वाटपाची सुरुवात सर्वांत लहान शाळेपासून करावी.

टप्पा 6: शिक्षकांची तयारी

द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला बोलावला की त्या दिवशी निम्मी शाळा बंद पडते. त्यामुळे सलग तीन दिवसांच्या प्रशिक्षणाऐवजी केंद्राची मासिक शिक्षण परिषद वापरावी. पहिल्या परिषदेत शिक्षकांनी स्वतः एक छोटा प्रश्न मोजमाप करून सोडवावा. दुसरीत आपल्या शाळेसाठी जोडतासिकांचा आराखडा लिहावा. तिसरीत, म्हणजे काम सुरू झाल्यावर, मुलांच्या नोंदी घेऊन यावे आणि अडचणींवर चर्चा करावी. नुसते सादरीकरण दाखवणारी परिषद या कामाला उपयोगी पडत नाही. ज्या शिक्षकाने स्वतः कधी चुकीचा आकडा पकडलेला नाही, तो मुलांच्या चुकीच्या आकड्याला घाबरतो आणि बरोबर उत्तर फळ्यावर लिहून मोकळा होतो.

दर आठवड्याला व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे मागवणे पहिल्या दिवसापासून बंद ठेवावे. छायाचित्राची मागणी असली की पर्जन्यमापकाशेजारी गणवेशातली नीटनेटकी मुले उभी राहतात, मापन राहून जाते.

पडताळणी: काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाकडे पहिल्या दोन जोडतासिकांत कोणते मूल काय करणार, हे कागदावर लिहिलेले असावे.

टप्पा 7: वर्गातील वाटणी

शाळा सुरू असली, मूल हजर असले, साहित्य मिळाले, तरी काम वाट्याला येईलच असे नाही. गट मोकळे सोडले तर मुलगे मोजतात, मुली रंगवतात आणि सुवाच्य अक्षरात लिहितात, हुशार समजले जाणारे मूल बोलते, आणि दोघे-तिघे फक्त पाहत राहतात. चार-पाच जणांचे मिश्र गट शिक्षकांनी स्वतः करावेत. मोजणारा, नोंद करणारा, विचारणारा आणि सांगणारा अशा चार भूमिका ठेवाव्यात आणि दर जोडतासिकेला त्या बदलाव्यात. फिरतीचा तक्ता भिंतीवर लावला की मुले स्वतःच त्यावर लक्ष ठेवतात, आणि ते शिक्षकांपेक्षा काटेकोर असतात.

सर्वांत गंभीर चूक वेगळीच आहे. वाचन-गणनात मागे असलेल्या मुलांना प्रकल्पाच्या तासिकेत उपचारात्मक वर्गासाठी बाजूला बसवले जाते, कारण त्यांना 'आधी पाया पक्का करायचा' असतो. पायाभूत साक्षरतेचे महत्त्व वादातीत आहे, पण त्यासाठीची वेळ प्रकल्पातून काढू नये. मोजलेला आकडा लिहिण्याची खरी गरज पडते तेव्हा आकडा लिहायला शिकण्याचे कारण त्या मुलाला मिळते. जिल्ह्याच्या पत्रातच 'प्रकल्पाच्या तासिकेतून कोणत्याही मुलाला अन्य वर्गासाठी बाहेर काढू नये' असे स्पष्ट वाक्य असावे.

भाषेच्या बाबतीत क्रम असा ठेवावा: गटातली चर्चा कोरकू, माडिया, भिली, पावरी किंवा वारली अशा घरच्या भाषेत, त्यानंतर मराठीत तोंडी सांगणे, आणि लेखन सर्वांत शेवटी. शिक्षकांना ती भाषा येत नसेल तर अंगणवाडी सेविका किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील पालक यांना आठवड्यातून एका जोडतासिकेला बोलवावे. कायद्यानुसार या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांना सहीपलीकडे काही काम मिळणे एरवीही बरे.

दिव्यांग मुलांसाठी बदल प्रश्न निवडतानाच ठरवावेत. दृष्टिहीन मूल ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या दोरीने लांबी मोजू शकते. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी मापनाची जागाच समतल निवडावी. श्रवणदोष असलेल्या मुलाच्या गटात सूचना तोंडी देण्यासोबत चित्रांच्या क्रमानेही द्याव्यात. तालुक्याच्या समावेशित शिक्षण तज्ज्ञांकडून प्रश्नसंच छापण्यापूर्वी तपासून घ्यावा. छापून झाल्यावर घेतलेला सल्ला परिशिष्टात जातो आणि तेथेच राहतो.

टप्पा 8: मूल्यमापन

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या 2010 च्या शासन निर्णयात प्रकल्प हे आकारिक (म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या) मूल्यमापनाचे एक तंत्र आहेच, त्यामुळे नवीन गुणपद्धती काढण्याची गरज नाही. आकारिक मूल्यमापनाचा भार पहिली-दुसरीला 70, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40 टक्के असा आहे. त्यातील प्रकल्पाचा वाटा कसा द्यायचा, एवढेच केंद्रात एकमताने ठरवावे.

गुण चार गोष्टींना द्यावेत: प्रश्न समजला का, नोंदी प्रामाणिक व नियमित आहेत का, निष्कर्ष नोंदींवरून निघतो का, आणि गटात स्वतःचे काम केले का. सजावट, अक्षर आणि तक्त्याचा आकार यांना शून्य गुण. गटाला एकच गुण देऊन थांबू नये; प्रत्येक मुलाला दोन-तीन मिनिटे तोंडी विचारावे, आणि घरच्या भाषेतले उत्तर तितकेच ग्राह्य धरावे. जे मूल प्रकल्पाच्या मध्येच स्थलांतरित होते, त्याचे तोवरचे काम मूल्यमापनात धरून त्याची नोंद शिक्षण हमी पत्रकासोबत द्यावी, म्हणजे पुढील शाळेला कोरी पाटी समोर ठेवावी लागणार नाही.

सावधान: सर्व नोंदी एकाच दिवशी, एकाच शाईत लिहिलेल्या दिसल्या, तर त्या प्रकल्पाला गुण देण्याऐवजी शिक्षकांशी बोलावे.

टप्पा 9: सादरीकरण आणि पाहणी

तालुकास्तरावर 'उत्कृष्ट प्रकल्प' निवडण्याची स्पर्धा ठेवू नये. स्पर्धा जाहीर झाली की वाटणी, फिरती आणि भाषा यांविषयीचे सगळे नियम दोन आठवड्यांत गळून पडतात आणि उरतो तो एक गट, एक वक्ता आणि एक तक्ता. विज्ञान प्रदर्शन आपल्या जागी चालू द्यावे. या कामाला ते जोडू नये.

सादरीकरण गावातच व्हावे. जुलै-सप्टेंबरमध्ये केलेल्या प्रकल्पासाठी 2 ऑक्टोबरच्या सुमारास होणारी ग्रामसभा सोयीची असते, कारण बहुतेक कुटुंबे तेव्हा अजून गावात असतात. 26 जानेवारीची ग्रामसभा निवडली, तर ऊसतोडीच्या पट्ट्यात नेमके तेच पालक गैरहजर राहतात. प्रत्येक गटातील प्रत्येक मुलाने किमान एक वाक्य बोलावे, आणि ग्रामपंचायतीकडे द्यायची मागणी असल्यास ती एका पानात लिहून द्यावी.

केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत तयार तक्ते पाहत बसू नये. हजेरीपटावरील कोणतीही पाच नावे निवडावीत, त्यांत एक स्थलांतर करणारे, एक दिव्यांग आणि एक वाचनात मागे असलेले मूल असावे, आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: तुम्ही काय शोधत होतात, तू स्वतः काय केलेस, आणि काय चुकले होते. उत्तरे भेटीच्या नोंदवहीत मुलाच्या शब्दांत लिहावीत. शाळांची क्रमवारी लावू नये. या नोंदी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शिक्षण परिषदेत वाचाव्यात आणि पुढील वर्षाच्या प्रश्नसंचातून कोणते प्रश्न काढायचे, कोणत्या केंद्रांचा काळ बदलायचा, हे त्याच बैठकीत ठरवून टप्पा 1 मधील पानावर नोंदवावे.